सह्यांच्या अर्जाने मताधिकार खरंच मिळतो का? चार्टिस्ट १८४८ आणि न्यूझीलंड १८९३

प्रश्न – वाचनकट्टा

नमस्कार. आमच्या वाचनालयात एकोणिसाव्या शतकातल्या मताधिकाराच्या लढ्यांवर छोटं प्रदर्शन लावायचं आहे. दोन फलकांपाशी गाडी अडली आहे.

पहिला फलक इंग्लंडमधल्या चार्टिस्टांचा, म्हणजे मताधिकाराच्या सहा मागण्यांची सनद (चार्टर) मांडणाऱ्यांचा. १८४८ मध्ये त्यांनी ५७ लाख सह्यांचा दावा केला आणि हाती काहीच आलं नाही. दुसरा न्यूझीलंडचा. १८९३ मध्ये तिथल्या स्त्रियांनी जेमतेम ३२ हजार सह्या दिल्या आणि त्याच वर्षी कायदा झाला. हे दोन आकडे शेजारी लावले तर पाहणारा पहिला प्रश्न हाच विचारणार की असं का झालं. "लोकसंख्या कमी होती" एवढं उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

आणखी दोन गोष्टी हव्या आहेत. न्यूझीलंडचा तो अर्ज म्हणजे एक लांबलचक गुंडाळी होती असं वाचलं आहे. ती नेमकी कशी बनवली होती? तिची प्रतिकृती करायचा विचार आहे, म्हणून मापं मिळाली तर फार बरं. दुसरं म्हणजे, वरिष्ठ सभागृहात विधेयक फक्त दोन मतांनी पार झालं. ती दोन मतं कुठून आली?

प्रतिसाद १ – जुने_दफ्तर

चार्टिस्टांपासून सुरुवात करतो, कारण त्या फलकावर चूक होण्याचा संभव जास्त आहे.

त्यांचे मोठे अर्ज तीन. १८३९ चा पहिला, सुमारे १२ लाख ८० हजार सह्यांचा. त्यावर विचार करावा की नाही एवढ्याच प्रश्नावर मतदान झालं आणि ४६ विरुद्ध २३५ मतांनी तो फेटाळला गेला. १८४२ चा दुसरा, ३३ लाखांहून जास्त सह्यांचा. तो ४९ विरुद्ध २८७ मतांनी पडला. तेव्हा अर्जाची गुंडाळी इतकी मोठी होती की ती सभागृहाच्या दारातून आत जाईना, शेवटी सोडून तुकड्यांनी आत न्यावी लागली. तिसरा १० एप्रिल १८४८ चा. तोच तुमचा ५७ लाखांचा.

तो ५७ लाखांचा आकडा चार्टिस्टांचे नेते फीअर्गस ओकॉनर यांनी सभागृहात सांगितलेला आहे. सभागृहाच्या अर्ज तपासणाऱ्या समितीने मोजणी करून १९,७५,४९६ हा आकडा दिला. फलकावर दोन्ही आकडे हवेत आणि कोणता कुणाचा तेही हवं. समितीने आणखी दोन आक्षेप घेतले. सलग कित्येक पानांवर एकाच हातचं अक्षर आहे, आणि राणी व्हिक्टोरिया, वेलिंग्टनचे ड्यूक, रॉबर्ट पील अशी नावं सह्यांत आहेत. राणीच्या नावापुढे तर "रेक्स", म्हणजे राजा, असं लिहिलेलं होतं. अर्जाच्या वजनाचीही तीच गत. दावा पाच टनांचा होता, वजन भरलं जेमतेम २९० किलो. वर्तमानपत्रांनी हे उचलून धरलं आणि सहा मागण्या बाजूला पडून चर्चा फक्त खोट्या सह्यांची झाली.

पण समितीचा आकडाही डोळे मिटून घेऊ नका. मोजणीला १३ कारकून होते आणि त्यांना १७ तास लागले असं सभागृहात सांगण्यात आलं. गणित करून पाहा: १३ गुणिले १७ म्हणजे २२१ तास. त्यात १९ लाख ७५ हजार सह्या म्हणजे एका कारकुनाने तासाला जवळपास ८,९००, सेकंदाला अडीच. या वेगाने सही वाचून होत नाही, फार तर ओळी मोजून होतात. एकाच हातच्या अक्षरालाही साधं कारण होतं. ज्याला लिहिता येत नाही त्याचं नाव शेजारचा लिही. सगळी तशी नावं खोटी धरणं अन्यायाचं आहे.

तुमच्या प्रदर्शनासाठी एक मोलाचा तपशील याच मोजणीत आहे. दर एक लाख सह्यांमागे ८,२०० सह्या स्त्रियांच्या निघाल्या. समितीने हे अर्जाचं वैगुण्य म्हणून सांगितलं. सनदेत मागणी होती ती २१ वर्षांवरच्या पुरुषांच्या मताची. म्हणजे समितीचाच आकडा धरला तरी दीड लाखाहून जास्त स्त्रियांनी अशा हक्कासाठी सही केली, जो त्यांना स्वतःला मिळणार नव्हता. हा मजकूर फलकावर मोठ्या अक्षरात लावा.

आता "असं का" याबद्दल. संसदेतल्या अर्जाला कायद्याचं काही बळ नसतं. तो एखाद्या सदस्याने सादर करायचा, तो नोंदला जातो, इतकंच. त्याच्यामागे विधेयक हवं आणि विधेयकाला मतं हवीत. चार्टिस्टांकडे सभागृहात पन्नासच्या आत माणसं होती. तिथे ५७ लाख सह्या खऱ्या निघाल्या असत्या तरी १८४८ मध्ये निकाल बदलला नसता असं माझं मत आहे. खोट्या सह्यांनी केलं ते एवढंच की नकार देणाऱ्यांना कारण शोधावं लागलं नाही.

प्रतिसाद २ – कागद_आणि_शाई

न्यूझीलंडच्या अर्जाची मापं देते.

२८ जुलै १८९३ रोजी स्त्रियांच्या मताच्या बाजूचे सदस्य सर जॉन हॉल यांनी सभागृहात सादर केलेल्या मुख्य अर्जावर २५,५१९ सह्या होत्या. ५४६ कागद, एकूण लांबी सुमारे २७० मीटर. याखेरीज १२ लहान अर्ज होते. सगळे मिळून ३१,८७२ सह्या. फलकावर गुंडाळीच्या शेजारी "३२ हजार" लिहू नका, ती बेरीज तेरा अर्जांची आहे. लहान बारा अर्ज आज शिल्लक नाहीत, मोठी गुंडाळी वेलिंग्टनच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पाहायला मिळते. १९९७ पासून ती युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदीत आहे.

काम चालायचं ते असं. वरती छापील मजकूर असलेले कोरे कागद गावोगाव पाठवले जात. मजकूर सभापती आणि सदस्यांना उद्देशून, आणि सही करणारी स्त्री २१ वर्षं पूर्ण झालेली व वसाहतीची रहिवासी आहे असं त्यातच लिहिलेलं. खाली नाव आणि राहण्याचं ठिकाण. भरलेले कागद क्राइस्टचर्चला चळवळीच्या नेत्या केट शेपर्ड यांच्या घरी येत. तिथे त्यांनी ते एकाखाली एक चिकटवले आणि झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले. हॉल यांनी सभागृहात तो दांडा सोडला तेव्हा गुंडाळी मधल्या वाटेने उलगडत गेली आणि दांडा पलीकडच्या भिंतीवर आपटला.

या कागदांवरचा मजकूर आणि पत्ता हे दोन रकाने दिसायला क्षुल्लक आहेत, पण जुने_दफ्तर यांनी जे सांगितलं त्याचं उत्तर तिथेच आहे. प्रत्येक कागदावर मागणी छापलेली असली की "आम्ही कशावर सही केली ते ठाऊक नव्हतं" असं कुणाला म्हणता येत नाही. नावापुढे ठिकाण असलं की नाव पडताळता येतं. उलट बाजूने काय झालं ते पाहा. दारूच्या धंद्याचे पाठीराखे आणि ड्युनेडिनचे आमदार हेन्री फिश यांनी विरोधी अर्जावर सह्या गोळा करायला पैसे देऊन माणसं लावली आणि ते कागद दारूच्या गुत्त्यांतून फिरवले. त्यांतल्या काही सह्या खोट्या, काही फसवून घेतलेल्या निघाल्या आणि तो डाव त्यांच्यावरच उलटला. सह्यांचे पैसे मिळणारा माणूस सह्या मोजतो, सही करणाऱ्याला मागणी समजावून सांगत बसत नाही.

स्त्रियांकडे मात्र आधीपासून उभी असलेली यंत्रणा होती. ख्रिस्ती महिलांच्या दारूबंदी संघाच्या शाखा १८८५ पासून, अमेरिकेतून आलेल्या मेरी लेव्हिट यांच्या दौऱ्यानंतर, शहरोशहरी निघाल्या होत्या. १८८७ पासून त्या संघाचं मताधिकाराचं खातं शेपर्ड यांच्याकडे होतं. ड्युनेडिनमध्ये शिलाई कामगार स्त्रियांच्या संघटनेच्या हॅरिएट मॉरिसन यांनी कामगार वस्त्यांतून सह्या आणल्या. अर्जही एकदाच केलेला नाही. १८९१ मध्ये ९ हजारांहून जास्त सह्या, १८९२ मध्ये जवळपास २० हजार, १८९३ मध्ये ३२ हजार. शेवटचा आकडा म्हणजे तिथल्या प्रौढ युरोपीय स्त्रियांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा. तुमच्या फलकाला ही तीन वर्षांची चढती ओळ हवी. एकट्या ३२ हजारांवरून काही कळत नाही.

प्रतिकृतीसाठी: २७० मीटर भागिले ५४६ म्हणजे एक कागद सरासरी अर्धा मीटर, आणि एका कागदावर सरासरी ४७ सह्या. म्हणजे सहीला जेमतेम एक सेंटीमीटर उंची मिळते. त्याच मापाच्या ओळी आखा. पूर्ण लांबी करायची असेल तर ०.१ मिलिमीटर जाडीच्या कागदाची, अडीच सेंटीमीटर दांड्यावरची गुंडाळी हिशेबाने १९ सेंटीमीटर व्यासाची होते. सांध्यांवर कागद दुहेरी होतो आणि हाताने गुंडाळताना हवा राहते, त्यामुळे २२ ते २४ धरून पेटी बनवा.

सांधे एक सेंटीमीटरचे ठेवा. मैद्याची खळ घट्ट शिजवा आणि अगदी पातळ थर लावा. पाणचट खळीने कागद फुगतो आणि वाळताना सांध्यापाशी चुण्या पडतात. दर दहा कागदांनंतर पट्टी सरळ आहे का ते दोरीने बघा, कारण एका कागदाला एक मिलिमीटर तिरकेपणा राहिला तर गुंडाळी एका बाजूला सरकत शंकूसारखी होते. जागा कमी असेल तर दहा मीटर, म्हणजे वीस कागद, खरे करा आणि आत पुठ्ठ्याची नळी घालून बाकीची जाडी भरून काढा.

वाचनकट्टा

दोघांचेही मनापासून आभार. मापं तर थेट वापरता येतील. पण १८९१ मध्येच कनिष्ठ सभागृहात बहुमत होतं असंही कुठेतरी वाचलं. मग मधली दोन वर्षं का गेली?

प्रतिसाद ३ – उपसूचना

बहुमत होते, हे बरोबर. विधेयक पाडण्याचे काम उघड विरोधाने झाले नाही, ते दुरुस्त्यांनी केले. हा भाग नीट समजून घेतल्याशिवाय दोन मतांची गोष्ट कळणार नाही.

१८९१ मध्ये हॉल यांचे विधेयक कनिष्ठ सभागृहात सुखरूप पुढे चालले होते. तेव्हा वॉल्टर कार्नक्रॉस या सदस्याने दुरुस्ती आणली की स्त्रियांना नुसते मत नको, निवडणूक लढवण्याचाही हक्क हवा. ऐकायला ती पुढारलेली वाटते. हेतू असा की वरिष्ठ सभागृह, जिथले सदस्य नेमलेले असत, एवढे मान्य करणार नाही. तसेच झाले. विधेयक तिथे दोन मतांनी पडले.

१८९२ मध्ये सरकारने स्वतःच्या निवडणूक विधेयकात स्त्रियांचे मत घातले. या वेळी वाद झाला टपालाने मत देण्यावर. वरिष्ठ सभागृहाला स्त्रियांसाठी ती सोय हवी होती, कनिष्ठ सभागृहाला ती चालणारी वाटेना. मताधिकारावर दोन्ही सभागृहांचे फारसे भांडण नव्हते, तरी या एका कलमावरून पूर्ण विधेयक बारगळले.

एप्रिल १८९३ मध्ये पंतप्रधान बॅलन्स वारले. ते स्त्रियांच्या मताच्या बाजूचे होते. त्यांच्या जागी आलेले रिचर्ड सेडन पूर्वी स्वतः गुत्ता चालवणारे आणि दारू व्यापाराच्या जवळचे. उघड विरोध करणे त्यांना परवडणारे नव्हते, कारण अर्ज नुकताच सभागृहात उलगडला गेला होता आणि निवडणूक वर्षअखेरीस होती. अनेक सदस्यांनी कनिष्ठ सभागृहात बाजूने मत दिले ते वरिष्ठ सभागृह दर वेळेसारखे अडवेल या भरवशावर. सेडन यांचाही भरवसा तोच होता.

मोजणी काठावर दिसू लागली तेव्हा सेडन यांनी आपल्याच पक्षाच्या थॉमस केली या वरिष्ठ सभागृहातल्या सदस्याला तार करून मत फिरवायला लावले. ही गोष्ट फुटली. विरोधी बाजूचे दोन सदस्य, एडवर्ड स्टीव्हन्स आणि विल्यम रेनल्ड्स, स्त्रियांच्या मताविरुद्ध होते, पण पंतप्रधानाने सभागृहात असा हात घातल्याचा त्यांना संताप आला आणि त्यांनी बाजूने मत दिले. ८ सप्टेंबर १८९३, २० विरुद्ध १८. ते दोघे हलले नसते तर आकडे उलटे झाले असते.

यानंतरही विरोधी सदस्यांनी गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांना संमती देऊ नये असा अर्ज केला. संमती १९ सप्टेंबरला मिळाली. मधल्या दिवसांत मताधिकाराच्या बाजूचे सदस्य कोटावर पांढरी कॅमेलियाची फुले लावत, विरोधक लाल.

म्हणून मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे. शेवटची दोन मते रागातून आली, हे खरे. पण सह्यांनी विधेयक तीन वर्षे सतत त्या दाराशी आणून ठेवले नसते तर त्या रागाचा उपयोग झालाच नसता. आणि सह्यांच्या यंत्रणेचे मोठे काम तर कायदा झाल्यावर दिसले. निवडणूक २८ नोव्हेंबरला, म्हणजे संमतीनंतर बरोबर दहा आठवड्यांनी. तेवढ्या वेळात १,०९,४६१ स्त्रियांची नावे मतदारयादीत चढली, म्हणजे प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे ८४ टक्के. प्रत्यक्ष मत दिले ९०,२९० जणींनी. ज्या बायका कागद घेऊन दारोदार गेल्या होत्या त्यांना कोणत्या गल्लीत कोण राहते हे आधीच पाठ होते. चार्टिस्टांशी तुलना करायची तर इथे करा.

प्रतिसाद ४ – कलम_तीन

वरच्या सगळ्यात एक कायद्याचा धागा राहिला आहे, तो थोडक्यात जोडतो.

न्यूझीलंडच्या १८९३ च्या कायद्यात व्याख्येतच लिहिलं आहे की "व्यक्ती" या शब्दात स्त्रीचा समावेश होतो. एवढं उघड लिहायची गरज का पडली, ते इंग्लंडकडे पाहिल्यावर कळतं. तिथे १८३२ च्या कायद्याने मतदाराला "पुरुष व्यक्ती" म्हटलं. १८६७ च्या कायद्यात शब्द आला "मॅन". त्या वर्षी २० मे रोजी विचारवंत आणि संसद सदस्य जॉन स्टुअर्ट मिल यांनी तिथे "पर्सन" हा शब्द घालावा अशी दुरुस्ती आणली. ती ७३ विरुद्ध १९६ मतांनी पडली. त्याआधीच्या वर्षी १,४९९ स्त्रियांच्या सह्यांचा अर्ज त्यांनीच सादर केला होता.

तरी एक वाट उरली होती. १८५० च्या कायद्याप्रमाणे, वेगळं स्पष्ट म्हटलं नसेल तर कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात स्त्रीही येते. मग "मॅन"मध्ये का नाही? नोव्हेंबर १८६७ मध्ये मँचेस्टरच्या पोटनिवडणुकीत लिली मॅक्सवेल या दुकानदार बाईंचं नाव चुकून यादीत राहिलं होतं. त्यांनी जाऊन जेकब ब्राइट यांना मत दिलं. मतदान तेव्हा उघड असे, त्यामुळे उमेदवाराचं नाव सर्वांसमोर मोठ्याने सांगावं लागलं. पुढच्या वर्षी मँचेस्टरच्या पाच हजारांहून अधिक करदात्या स्त्रियांनी यादीत नाव घालण्याचा दावा केला. नोव्हेंबर १८६८ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. कारण असं दिलं की मतदानाच्या बाबतीत स्त्रिया परंपरेनेच अपात्र आहेत आणि शब्दाच्या सोयीच्या अर्थाने इतका मोठा बदल होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७५ मध्ये जवळपास तेच केलं: स्त्री नागरिक आहे, पण नागरिकत्वात मत येत नाही.

म्हणून ती एक ओळ. ती कायद्यात नसती तर न्यूझीलंडमध्येही पहिल्या निवडणुकीनंतर कुणीतरी न्यायालयात गेलं असतं.

प्रतिसाद ५ – दोन_याद्या

सगळ्यांनी "स्त्रिया" म्हणून युरोपीय वसाहतकऱ्यांचीच गोष्ट सांगितली आहे. फलक तसा लागू नये, म्हणून लिहिते.

१८९३ चा कायदा माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी, स्त्रियांनाही लागू होता. माओरींच्या चार जागांसाठी मतदान वेगळं, २० डिसेंबर १८९३ रोजी झालं आणि त्यात स्त्रियांची सुमारे ४,००० मतं पडली. पण तिथे मतदारयादी नव्हती आणि मतदान गुप्तही नव्हतं. युरोपीय मतदारांना गुप्त मतदान १८७० पासून होतं, माओरी जागांवर ते पहिल्यांदा १९३८ मध्ये आलं. त्यामुळे वर दिलेल्या १,०९,४६१ या नोंदणीत माओरी स्त्रिया मोजू नका.

त्याच वर्षी मे महिन्यात वाइपातू इथे भरलेल्या, माओरींनी स्वतः उभारलेल्या वेगळ्या संसदेपुढे मेरी ते ताई मंगाकाहिआ बोलल्या. त्यांनी स्त्रियांना त्या संसदेत मत देण्याचा आणि सदस्य होण्याचाही हक्क मागितला. मुद्दा जमिनीचा होता: कित्येक स्त्रिया स्वतः जमिनीच्या मालक आहेत, काहींना नवरा किंवा वडील नाहीत, आणि पुरुषांनी राणीकडे केलेल्या विनवण्यांचा उपयोग झालेला नाही. ही मागणी केट शेपर्ड यांच्या अर्जातल्या मागणीपेक्षा पुढची आहे. तिला स्वतंत्र फलक द्या.

आपल्याकडचा दुवा दाखवायचा असेल तर ओढूनताणून नको. ज्या दारूबंदी संघाच्या शाखांनी न्यूझीलंडमध्ये सह्या जमवल्या, त्याच संघटनेचं अमेरिकेतलं काम पंडिता रमाबाईंनी १८८६ ते १८८८ या काळात जवळून पाहिलं आणि १८८९ मध्ये मराठीत त्याबद्दल लिहिलं. मुंबई इलाख्यात स्त्रियांना विधिमंडळासाठी मत मिळालं ते १९२१ च्या ठरावानंतर. त्या मागणीत रमाबाई रानडे पुढे होत्या. मिळकतीची अट मात्र पुरुषांसारखीच राहिली आणि मिळकत बहुतेक पुरुषांच्या नावावर असल्यामुळे मतदार स्त्रिया थोड्याच झाल्या. न्यूझीलंडने पुरुषांसाठीची मिळकतीची अट १८७९ मध्येच काढून टाकली होती, म्हणून तिथे १८९३ ला सरसकट सगळ्या प्रौढ स्त्रिया यादीत येऊ शकल्या. फलकावर या दोन ओळी शेजारी ठेवता येतील.

वाचनकट्टा

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. न्यूझीलंडच्या फलकासाठी शेवटची ओळ अशी लिहिली आहे: "१९ सप्टेंबर १८९३: जगात प्रथमच स्त्रियांना पुरुषांइतके राजकीय हक्क." चालेल ना?

उपसूचना

नाही, ही ओळ बदला. १८९३ च्या कायद्याने मत दिले, उमेदवारी दिली नाही. ती १९१९ मध्ये मिळाली, आणि पहिली स्त्री सदस्य, एलिझाबेथ मॅकोम्ब्स, १९३३ मध्ये निवडून आली. "प्रथमच" लिहितानाही जपून. अमेरिकेत वायोमिंग प्रदेशाने १८६९ मध्ये स्त्रियांना मत दिले होते, पण तो तेव्हा राज्यही नव्हता. "स्वशासित देशाच्या संसदेच्या निवडणुकीत सर्व प्रौढ स्त्रियांना मत देणारा पहिला कायदा" असे लिहा. ओळ लांबते, पण १८९१ ची दुरुस्ती ज्या मुद्द्यावर आणली होती तोच मुद्दा चुकीच्या ओळीत झाकला जातो.